लाख मोलाची कांती

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा नुसती माणसंच सुकत नाहीत. पावसाळ्यात फुगून अडकणारं दार आपसूक सैल होतं, पाटाच्या फळ्यांमध्ये फट पडते आणि भिंतीला टांगलेल्या गिटारच्या पोटावर एक दिवस केसाएवढी रेघ उमटते. घरातला पोरगा रडवेला होतो. वाद्य गेलं!

थांबा. आधी ती रेघ कुणाची ते पाहू. लाकडाची की नुसत्या पॉलिशची?

खोलीत अंधार करा, तारा थोड्या सैल सोडा, आवाजाच्या गोल भोकातून मोबाइलची टॉर्च आत धरा. रेघेतून उजेड बाहेर आला तर लाकूडच तडकलंय, वाद्य कारागिराकडे न्या. उजेड आला नाही आणि रेघ लाकडाच्या शिरांना आडवी जाते आहे, तर बहुतेक वेळा फक्त वरची कातडी फाटलेली असते. उजेड नाही, पण रेघ शिरांच्या बरोबरीनं धावते आणि नख अडकतं, तर मात्र संशय ठेवा आणि जाणत्या माणसाला दाखवा.

आत डोकावलंत का?

टॉर्च आत धरलीच आहे तर एक गंमत बघून घ्या. बाहेरून आरशासारखी चमकणारी गिटार आतून बहुधा कोरी असते. तिथं पॉलिशचा एक हातही नाही. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, पॉलिशमुळे ही देवाणघेवाण फक्त मंदावते, थांबत नाही. म्हणून कोरड्या हवेत बाहेरची कितीही चमक कामाला येत नाही. हवेत पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता गिटारला मानवते. सोलापूरच्या उन्हाळ्यात तेवढी कुठून आणणार? गिटार पेटीत ठेवा आणि पेटीत ओल्या स्पंजची भोकं पाडलेली डबी ठेवा. स्पंज घट्ट पिळलेला हवा, पाणी ठिबकता कामा नये. हा उपाय पॉलिशच्या दहा बाटल्यांपेक्षा मोलाचा आहे.

एक थेंब, तीन उत्तरं

ओरखडा बुजवण्याआधी वरचा थर कशाचा आहे हे कळायलाच हवं. साधारण तीन घराणी: लाख, नायट्रोसेल्युलोज आणि पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर. दिसणार नाही अशा जागी, म्हणजे तारा पिळायच्या खुंटीच्या पट्टीखाली, कापसाच्या काडीनं स्पिरिटचा ठिपका लावा. थर चिकट झाला तर लाख. स्पिरिटला दाद देत नाही, पण नखांचं पॉलिश काढायच्या अॅसिटोननं विरघळतो, तर नायट्रो. दोघांनाही जुमानत नाही, तर पॉली. आजकालच्या स्वस्त गिटारी बहुतेक या तिसऱ्या घराण्यातल्या.

आता नायट्रोची कुंडली ऐका. १८४६ मध्ये शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञानं कापसावर आम्लांची प्रक्रिया करून स्फोटक कापूस बनवला. त्याच कुळातून पुढे सिनेमाची फिल्म आली, नखांचं पॉलिश आलं आणि १९२३ मध्ये अमेरिकेत मोटारींचा झटपट वाळणारा रंगही आला. त्याआधी मोटारीचा रंग वाळायला आठवडे लागत. गिटारवाल्यांनी हा झटपट थर त्याच दशकात उचलला. म्हणजे जुनी नामांकित गिटार, नेलपेंट आणि फाळक्यांच्या काळातली फिल्म ही चुलत भावंडं! या कुळाचा स्वभाव तापट. २००३ च्या जानेवारीत पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, जिथं पूर्वी प्रभात स्टुडिओ होता, तिथं आग लागली आणि नायट्रेट फिल्मचा मोठा ठेवा जळून गेला. आजही ते आठवलं की पोटात कालवतं. गिटारवर सुकून बसलेला थर काही असा भडकत नाही, पण हा लॅकर फवारताना जवळ काडीही ओढायची नसते, ती याच कुळामुळे.

किड्यानं दिलेलं सोनं

माझा जीव मात्र लाखेवर. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर एक इवला किडा राळेचं कवच करून राहतो. ते खरवडून, वितळवून, पातळ पापुद्रे काढले की झाली चपडी लाख. महाभारतातलं लाक्षागृह याच लाखेचं. ती भराभरा पेटते हे दुर्योधनाला पक्कं ठाऊक होतं. आज हीच लाख औषधाच्या गोळ्यांवर आणि पिपरमिंटवर चकाकी आणते, म्हणजे आपण ती खातोही.

आणि ऐकतोही! प्लास्टिकच्या तबकड्या येण्याआधी, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या ग्रामोफोनच्या तबकड्या लाखेत दगडाची पूड मिसळून दाबून काढत. मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज अशाच तबकड्यांमधून घरोघरी पोचला. लाखेचं पॉलिश ल्यालेला तानपुरा मागे छेडलेला आणि त्याचा नाद साठला तोही लाखेतच. ही गोष्ट मी कितीदा तरी लोकांना सांगितली आहे आणि दर वेळी सांगताना मला तितकाच आनंद होतो.

लाखेचा मोठा गुण म्हणजे नवा हात जुन्या हातात विरघळतो, सांधा उरत नाही. नायट्रोही असाच जुळवून घेतो. पॉली नाही. तिथं नवा थर जुन्यावर नुसता बसतो आणि कडेला सावलीसारखी रेघ राहते.

ज्वारी आणि जवारी

आता सोलापूरकरांनी कॉलर ताठ करावी. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या वाद्यांचा भोपळा पिकतो आपल्या पंढरपूर-मंगळवेढ्याकडे, भीमेच्या खोऱ्यात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला मानांकन आहेच. म्हणजे एकाच मुलखानं भाकरीला ज्वारी दिली आणि ज्या वाद्याच्या घोडीवर कारागीर तासन् तास बसून जवारी, म्हणजे तारेला घुमारा देणारा नाजूक उतार, काढतो, त्या वाद्याचं पोटही दिलं.

हा भोपळा कोण? आपल्या भाजीतल्या दुधीचा सख्खा भाऊ. जात तीच, फक्त हा कडू, अवाढव्य आणि जाड सालीचा. वेलीवरच पक्व होऊ देतात, मग खडखडीत वाळवतात. कारागीर त्याचा घेर पट्टीनं इंचांत मोजून घेतो. पुरुषांच्या तानपुऱ्याला मोठा, बायकांच्या तानपुऱ्याला लहान.

तो फुटला तर? जुने कारागीर डगमगत नाहीत. तुकडे पुन्हा सरसानं जुळवायचे, आतून कापडाची पट्टी डकवायची, भेगेत लाकडाचा भुसा आणि सरस यांचा लगदा भरायचा, घासायचं, रंग मिळवायचा आणि वरून लाखेचे हात. काम जमलं की जोड सापडत नाही.

आणि हे काम सुरू करणारं घराणं कुठलं? शिकलगारांचं. शिकलगार म्हणजे तलवारी घासून, धार लावून लखलखीत करणारा. १९व्या शतकात शस्त्रांचं काम ओसरलं, तेव्हा फरीदसाहेब शिकलगारांसारखे कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. आडनावातच पॉलिश असलेली माणसं ही!

हात मारताना

लाखेच्या कामाला यंत्र लागत नाही. चपडी स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवा आणि गाळून घ्या. ताजीच वापरा, वर्षभर बाटलीत पडलेली लाख वाळता वाळत नाही. मग बोळा करा. आत कापूस आणि वर अनेकदा धुऊन मऊ झालेलं सुती कापड. सोलापूर टॉवेलसाठी प्रसिद्ध असलं, तरी इथं टॉवेल चालायचा नाही, त्याची लव सुटते आणि थरात अडकते. जुनं धोतर उत्तम. बोळ्यावर तेलाचा एक थेंब टाकायचा म्हणजे तो अडखळत नाही. गोल गोल, मग इंग्रजी आठच्या आकड्यासारखे हात. बोळा मध्येच थांबवायचा नाही. थांबला की खालचा थर ओला होऊन उचकटतो आणि डाग पडतो. असे पातळ पातळ पुष्कळ हात.

मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर मात्र हे काम काढू नका. दमट हवेत थरात पाणी कोंडतं आणि पांढरट धुकं येतं. कोरडी हवा लाकडाची वैरीण असली, तरी पॉलिशवाल्याची मैत्रीण आहे. सोलापूरचा हिवाळा या कामाला फार चांगला. गड्ड्याच्या यात्रेतून आलात की बसा.

पॉलीवरची टवका उडालेली जागा वेगळ्या रीतीनं भरतात. फेविक्विकच्या जातीचा पातळ गोंद थेंबाथेंबानं टाकायचा, कडक होऊ द्यायचा, मग दाढीच्या पात्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून फक्त मधल्या धारेनं उंचवटा खरवडायचा. पट्टीमुळे आजूबाजूला ओरखडा पडत नाही. या गोंदाचं रसायन अमेरिकेत १९४२ मध्ये दुसरंच काहीतरी शोधताना हाती लागलं आणि भलतंच चिकटतं म्हणून बाजूला टाकलं गेलं होतं!

पोचा पडला असेल तर लाकूड दबलेलं असतं, तुटलेलं नसतं. थर निघालेल्या जागी ओलं फडकं ठेवून वर गरम टोक टेकवलं की वाफेनं दबलेले तंतू फुगून वर येतात. पण ही युक्ती लाखेच्या शाबूत थरावर करू नका. वाफेनं तो पांढरा पडतो.

हे मात्र नको

मंद, चमक नसलेल्या गिटारला घासून चकाकी आणायला जाऊ नका. घासाल तेवढीच जागा चमकेल आणि कायमची चमकत राहील. मोटारीचं सिलिकॉन पॉलिश नको, पुढे कुठलाही थर त्यावर धरत नाही. रबराच्या स्टँडवर नायट्रोची गिटार ठेवू नका, दोघं एकमेकांना चिकटून थर वितळतो. आणि डीट असलेलं डासांचं मलम लावलेल्या हातानं वाद्याला शिवू नका. ते डासांना पळवतं आणि थराला विरघळवतं.

भोकासकट

अमेरिकन गायक विली नेल्सन यांनी १९६९ मध्ये घेतलेली मार्टिन गिटार आजही वाजते. तिच्या पोटाला मूळ भोकाशेजारी दुसरं भोक पडलं आहे, तेही निव्वळ वाजवून वाजवून. तिचा कारागीर ते बुजवत नाही. आतून आधार देतो, वरून लॅकर लावतो आणि भोक तसंच ठेवतो. दुसरीकडे १९९५ पासून फेंडर कंपनी कोऱ्या गिटारी कारखान्यातच खरवडून, ठोकून जुनाट करून जास्त दामानं विकते. मला हे रुचत नाही. झीज ही वाजवणाऱ्याच्या अंगानं यायला हवी.

तशी झीज बघायची तर अखंड हरिनाम सप्ताहातला वीणा बघा. सप्ताह संपेपर्यंत तो खाली ठेवत नाहीत. पहारा बदलतो, वीणा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातो. वर्षानुवर्षं जिथं खांदा टेकतो आणि जिथं बोटं दांडी धरतात, तिथली लाख निघून खालचं लाकूड तुकतुकीत होतं. असा वीणा कुणी दुरुस्तीला आणला, तर मी भोपळ्याच्या बुडाची भेग बुजवायला सांगेन, कारण तिथून दमट हवा आणि किडा आत शिरतो. खांद्याच्या जागेला मात्र बोळा लावू देणार नाही.