फोन यंत्रणा शिकताय? आधी धड्याचे साल बघा

‘हिंदीसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन दाबा’ हे ऐकून तुम्ही कितीदा तरी वैतागला असाल. असे बोलणारे एक्स्चेंज घरच्या जुन्या लॅपटॉपवरही उभे करता येते, तेही फुकटात. त्यासाठीच्या सॉफ्टवेअरचे नाव ॲस्टेरिस्क. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मार्क स्पेन्सर या विद्यार्थ्याला आपल्या छोट्या कंपनीसाठी फोन यंत्रणा परवडेना, म्हणून त्याने ती स्वतःच लिहिली आणि सर्वांना खुली केली.

घरातले कुणी चंदीगडच्या आयटी पार्कमध्ये किंवा शेजारच्या मोहालीत कॉल सेंटरच्या तांत्रिक बाजूची नोकरी शोधत असेल, तर हे जरूर शिकावे. शिकवणारे साहित्य ढिगाने आहे. पण त्यातले बरेचसे शिळे आहे, आणि नवशिक्याला ते कळत नाही.

फोन जोडण्याचा ॲस्टेरिस्कमधला जुना भाग म्हणजे ‘चॅन-सिप’. २०२३ मध्ये आलेल्या २१व्या आवृत्तीतून तो काढूनच टाकला. आता ‘पीजेसिप’ वापरतात. ‘ॲस्टेरिस्क: द डेफिनिटिव्ह गाइड’ हे या विषयातले नावाजलेले पुस्तक. त्याची इंटरनेटवर मोफत वाचायला मिळणारी तिसरी आवृत्ती २०११ची, म्हणजे चॅन-सिपच्या काळातली. कॉल कुठून कुठे वळवायचा, हा ‘डायल प्लॅन’चा भाग त्यातून खुशाल वाचा. फोन जोडणीसाठी मात्र २०१९ची पाचवी आवृत्ती किंवा ॲस्टेरिस्कच्या संकेतस्थळावरची अधिकृत माहिती घ्या. क्लासची फी भरण्याआधीही विचारा, ‘पीजेसिप शिकवता का?’ उत्तर देताना समोरचा अडखळला, तर पैसे खिशातच ठेवा.

लिनक्स येत नसेल तर आधी ते शिका. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात लिनक्सचे छोटे व्हिडिओ मराठीतही आहेत, मोफत. फ्रीपीबीएक्समध्ये सगळे माउसने करता येते. ते सोपे आहे खरे, पण माझ्या मते पहिला महिनाभर त्याच्या वाटेला जाऊ नये. फायली हाताने लिहिल्या की चूक कुठे झाली ते समजते.

सराव घरातच करा. घरच्या वाय-फायवरच्या दोन मोबाइलमध्ये लिनफोन हे मोफत ॲप टाका, एकाला १०१ आणि दुसऱ्याला १०२ नंबर द्या. स्वयंपाकघरातून आईने १०२ लावला आणि वरच्या खोलीत घंटी वाजली, की पहिला धडा झाला.

दोन गोष्टी सांभाळा. ‘१०१’ला ‘१०१’ असाच पासवर्ड ठेवून यंत्रणा इंटरनेटला उघडी टाकू नका. असे पासवर्ड हुडकून दुसऱ्याच्या बिलावर परदेशी कॉल करणारे टपलेलेच असतात. आणि परदेशी व्हिडिओत पाहून सिमकार्डांची पेटी जोडून बाहेरचे कॉल फिरवू नका. आपल्याकडे विनापरवाना एक्स्चेंज चालवणे हा गुन्हा आहे.