चतुष्पाद पाहुण्याचा मुक्काम

नेर हे अमरावती-यवतमाळ मार्गावरचे तालुक्याचे गाव. या गावातील एखाद्या माध्यमिक शिक्षकाने घर राखण्यासाठी अल्सेशियन जातीचा कुत्रा पाळला आहे आणि रस्त्यावरच्या अपघातात त्याच्या मांडीचे हाड मोडले आहे, अशी कल्पना करावी. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला गावकरी अजूनही ‘ढोरांचा दवाखाना’च म्हणतात. अडलेली म्हैस, पोट फुगलेला बैल आणि लसीकरणाच्या मोहिमा यांतून तेथील डॉक्टरांना उसंत मिळणे कठीण. मोडलेल्या हाडात सळई बसविण्याची सोय तेथे असावी, अशी अपेक्षाही कोणी करीत नाही. ते नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जाण्याचा सल्ला देतात. १९५८ साली स्थापन झालेले हे महाविद्यालय नेरहून सुमारे पावणेदोनशे किलोमीटर दूर आहे. भाड्याची मोटार मिळते, शस्त्रक्रियेची तारीखही मिळते. मिळत नाही ती रात्र काढण्यापुरती जागा. लॉजच्या गल्ल्यावर बसलेला व्यवस्थापक माणसे किती, खाटा किती, गरम पाणी केव्हा हवे, हे सारे विचारतो. मोटारीतल्या पस्तीस किलोंच्या कुत्र्यावर त्याची नजर गेली की खोल्या एकाएकी भरून जातात. फारच दया आली तर तो म्हणतो, “कुत्रा गाडीतच राहू द्या.”

हा प्रश्न हौशी लोकांचा आहे, ज्या जिल्ह्यात शेतकऱ्याला कर्जापायी जीव द्यावा लागतो तेथे कुत्र्याच्या निवाऱ्याची चर्चा कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप अगदीच गैरलागू नाही. परंतु मोठा कुत्रा ही आता केवळ बंगलेवाल्यांची चीज राहिलेली नाही. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक राखणारा शेतकरी तो पाळतो, गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत घर बांधणारा कारकून पाळतो, मुले परगावी गेलेले निवृत्त दांपत्यही पाळते. या सर्वांना कधी ना कधी बदली, आजारपण किंवा लग्नकार्य यांसाठी गाव सोडावे लागते. शिवाय प्रश्न क्षुल्लक असला तरी एखादी वस्तू बाजारात मुळीच विकत का मिळत नाही, हे त्यातून समजते. आणि ते कुत्र्याहून बरेच मोठे प्रकरण आहे.

जनावरासह प्रवास करणारा माणूस हा काही आजचा प्राणी नव्हे. किंबहुना जनावराशिवाय प्रवास करणारा माणूसच इतिहासात नवा आहे. सम्राट अशोकाच्या लेखांत रस्त्यांवरील झाडे आणि विहिरी माणसांसाठी व पशूंसाठी असल्याचे स्पष्ट नमूद आहे. शेरशहाच्या सरायांत उतरणाऱ्याच्या जनावरांनाही चारा मिळे, असे त्याचा चरित्रकार सांगतो. फार मागे जाण्याचेही कारण नाही. इंग्रज सरकारने १८६७ साली सरायांसाठी केलेला कायदा वाचण्यासारखा आहे. ज्या विहिरींतून आणि तळ्यांतून ‘माणसांना किंवा जनावरांना’ पाणी मिळते, त्या स्वच्छ ठेवणे त्याने सरायचालकावर बंधनकारक केले. उतरलेल्या माणसांच्या, जनावरांच्या व वाहनांच्या रक्षणासाठी पुरेसे पहारेकरी नेमावेत, असेही सांगितले. आणि दरपत्रक दर्शनी लावण्याची अट घातली. चोरांना भिंत ओलांडण्यास उपयोगी पडतील अशा फांद्या तोडण्याची आठवणसुद्धा कायदा करणाऱ्यांना राहिली. त्या काळी जनावर हे मुक्कामाचे गृहीतच होते. डाकबंगल्याच्या मागे तबेला असे तो त्याचमुळे.

वऱ्हाडाच्या वाटांवर तर लमाणांचे तांडे शेकडो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून फिरत, आणि त्यांच्याबरोबर राखणीचे दांडगे कुत्रे असत. आगगाडीने हा व्यापार बुडविला, पण एक दंतकथा मागे राहिली. छत्तीसगडात बालोद जिल्ह्यात कुकुरदेवाचे मंदिर आहे. त्याची कथा अशी की एका बंजाऱ्याने सावकाराकडे आपला कुत्रा तारण ठेवला. कुत्र्याने सावकाराच्या घरची चोरी उघडकीस आणली, तेव्हा प्रसन्न झालेल्या सावकाराने कर्ज फिटल्याची चिठ्ठी त्याच्या गळ्यात बांधून त्याला परत धाडले. वचन मोडून कुत्रा पळून आला असे समजून बंजाऱ्याने त्याला मारले आणि चिठ्ठी नंतर वाचली. कथेतला करुण भाग सर्वांच्या लक्षात राहतो. त्यातला हिशेब मात्र कोणी पाहत नाही. त्या काळी कुत्राच तारण म्हणून चालत होता. आज कुत्र्याला खोलीत घ्यायचे तर त्याच्यासाठी तारण मागावे लागेल.

जनावरांसह प्रवास करून सन्मानाने मुक्काम मिळविणारे लोक आजही विदर्भात दिसतात. मेंढपाळांचे कळप पिके निघाल्यावर शेतशिवारांतून फिरतात. सोबत घोडी असते, मोठे कुत्रे असतात, पोरेबाळे असतात. त्यांना कोणी ‘जागा नाही’ म्हणत नाही. उलट शेतकरीच त्यांना बोलावतो, आपल्या शेतात रात्री मेंढ्या बसवितो आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो, कारण सकाळी कळप उठून जातो तेव्हा लेंड्यांचे आणि मुताचे उत्तम खत मागे राहते. यजमानाने पाहुण्याला भाडे द्यावे, असा हा विलक्षण सौदा आहे. जनावराची जी घाण लॉजच्या फरशीवर नुकसान ठरते, तीच काळ्या मातीत उत्पन्न ठरते. यजमानाच्या मनाचा मोठेपणा किंवा कोतेपणा हा या फरकाचा खुलासा नव्हे. मातीच्या जागी फरशी आली, एवढेच घडले. मोठ्या कुत्र्याजवळ यजमानाला देण्यासारखे आज काही उरलेले नाही. तो मागे ठेवतो ते केस, वास आणि पलंगाच्या पायावरचे ओरखडे. तेव्हा त्याचा मुक्काम पैसे मोजूनच विकत घेतला पाहिजे. अडचण अशी, की त्याची किंमत कोणी ठरवीतच नाही. पाटीवर दर लिहिण्याऐवजी नकार लिहिला जातो.

लॉजमालकाची बाजू समजून घेतली पाहिजे. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात देशात श्वानदंशाच्या ३७ लाखांहून अधिक घटनांची नोंद झाली. अशा देशात रात्री जिन्यात अनोळखी अल्सेशियन दिसल्यावर शेजारच्या खोलीतला बाळगोपाळांचा कुटुंबप्रमुख घाबरला, तर त्याला भित्रा म्हणता येणार नाही. शिवाय लॉजवाल्यासमोर उभा असलेला कुत्रा शहाणा की उपद्रवी, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. ते ठाऊक असते फक्त मालकाला, आणि मालक तर आपल्या कुत्र्याला साधूच समजत असतो. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हेच दाखविले होते. विकणाऱ्याला वस्तूचे गुणदोष ठाऊक आणि घेणाऱ्याला नाहीत, अशी स्थिती असली की चांगली वस्तूही वाईटाच्या भावाने जाते आणि शेवटी बाजारातून नाहीशी होते. कुत्र्यांच्या बाबतीत शहाण्या कुत्र्याला उपद्रवी कुत्र्याचा दर लागतो. तो दर म्हणजे शून्य खोल्या.

ही माहिती नसल्यामुळे लॉजवाले आकारावरून अंदाज बांधतात. लहान कुत्रा पिशवीतून आत गेला तर डोळेझाक होते, मोठ्याला दारातच अडविले जाते. वस्तुतः रात्रभर भुंकून मजला जागा ठेवण्यात पॉमेरियनची बरोबरी करणारे थोडेच. वयस्क, थोराड कुत्रा बहुधा दारापाशी अंग टाकतो तो सकाळपर्यंत हलत नाही. गाडीखाली चालणाऱ्या कुत्र्याला आपणच गाडी ओढतो असे वाटते, ही म्हणही लहान कुत्र्यांवरूनच पडली असावी.

या बाबतीत रेल्वे लॉजपेक्षा अधिक व्यवहारी निघाली, हे मान्य करावे लागते. बडनेऱ्याला किंवा धामणगावला गाडी धरणाऱ्या नेरच्या प्रवाशाने वातानुकूलित प्रथम वर्गाचा अथवा प्रथम वर्गाचा संपूर्ण डबकक्ष आरक्षित केला, तर त्याला कुत्रा सोबत नेता येतो. अन्यथा ब्रेक व्हॅनमधील पेटीत ठेवावा लागतो. दोन्हींचे भाडे सामानाच्या दराने आकारले जाते. शयनयान आणि त्रिस्तरीय वातानुकूलित डब्यांत त्याला मज्जाव आहे. कक्षाची किंमत शिक्षकाच्या आवाक्याबाहेरची आणि पेटी मोठ्या कुत्र्याला अपुरी, या तक्रारी खऱ्या आहेत. पण तेथे नियम आहे, दर आहे आणि पावती आहे. ज्याला परवडेल तो घेईल, ज्याला परवडणार नाही तो निदान आधीच जाणील. लॉजच्या दारात मात्र रात्री दहा वाजता, व्यवस्थापकाच्या मर्जीवर, सारे ठरते.

नकाराचा खर्च कोठे जातो, हा खरा प्रश्न आहे. लॉजमालकाला तो सोसावा लागत नाही. ‘गाडीतच राहू द्या’ या सल्ल्याची किंमत कुत्रा मोजतो. माणसासारखा कुत्र्याच्या सर्वांगाला घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीर थंड करतो. विदर्भातल्या मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा काचा चढविलेली उभी मोटार काही मिनिटांतच भट्टी होते आणि आतला कुत्रा मरू शकतो. शरीर जितके मोठे आणि केस जितके दाट, तितका धोका अधिक. रात्र थोडी बरी, पण उन्हाळी रात्रही कोंदट मोटारीत काढण्यासारखी नसते. बदलीच्या गावी कुत्र्यासह उतरायला जागा नाही म्हणून ज्याला मागेच सोडून दिले जाते, त्याचा खर्च तर सगळ्या गावावर पडतो. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने जनावराला उपासमारीच्या तोंडी सोडून देणे हा गुन्हा ठरविला आहे; पहिल्या गुन्ह्याचा दंड आहे दहा ते पन्नास रुपये. साठ वर्षांपूर्वी या रकमेला काही अर्थ होता. आज नेर ते यवतमाळ जाऊन यायलाही ती पुरणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटक्या कुत्र्यांबाबत आदेश दिला आणि त्याच महिन्यात त्यात बदलही केला, तेव्हा देशभर वाद झाला. कुत्र्यांना कोठे ठेवावे यावर पुष्कळ बोलले गेले. पाळलेला कुत्रा रस्त्यावर का येतो, हा भाग मागेच पडला.

उपाय फारसे खर्चिक नाहीत. लॉजमधील तळमजल्यावरची, मागच्या दाराची एक खोली वेगळी काढावी. गादीऐवजी लोखंडी खाट, साधी फरशी, भिंतीत एक कडी, बाहेर नळ आणि मोरी. लग्नसराई सोडली तर लहान शहरांतील लॉजच्या खोल्या वर्षाचा बराच काळ रिकाम्या असतात. रिकाम्या खोलीचे भाडे शून्यच असते. कुत्र्याच्या मालकाकडून आगाऊ अनामत घ्यावी, सफाईचा ठरलेला आकार घ्यावा, पिसाळरोगाची लस टोचल्याचा दाखला पाहावा आणि सकाळी खोली तपासून अनामत परत करावी. अनामत ठेवायला जो तयार होतो त्याचा आपल्या कुत्र्यावर भरवसा आहे, हे लॉजवाल्याला न सांगता कळते. जी माहिती मिळत नव्हती ती अशा रीतीने पैशाच्या भाषेत मिळते. खोलीला दुप्पट भाडे लावले तरी हरकत नाही. दुप्पट भाडे हा दर आहे, नकार हा दर नव्हे.

सरकारनेही थोडा हात लावावयास हवा. तालुक्यांची विश्रामगृहे सार्वजनिक बांधकाम खात्याकडे आहेत. तेथील एखादी जुनी मोटारखोली या कामी येऊ शकते. त्याहून अधिक निकडीची सोय पशुवैद्यकीय महाविद्यालयांपाशी हवी. नागपूरला आणि अकोल्याच्या पदव्युत्तर पशुवैद्यक संस्थेत खेड्यापाड्यांतून जनावरे येतात. माणसांच्या रुग्णालयांपाशी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा असावी, हे आपल्या समाजाने केव्हाच मान्य केले. मुंबईला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातले. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या. त्यांच्या दशसूत्रीत बेघरांना आसरा आणि मुक्या प्राण्यांना अभय ही दोन कलमे आहेत. पशुरुग्णालयाजवळच्या दहा खोल्यांच्या साध्या धर्मशाळेत ती दोन्ही एकाच छपराखाली येतील. अशा धर्मशाळेत गाईचा मालकही उतरेल, शेळीचाही आणि अल्सेशियनचाही. रोज माफक भाडे घेतले तर झाडलोट आणि पाणी यांचा खर्च भागविणे अवघड नाही. बांधकामाचा पैसा मात्र महाविद्यालयाला, जिल्हा परिषदेला किंवा एखाद्या देणगीदाराला उभा करावा लागेल.

तूर्त नेरच्या शिक्षकाजवळ एकच मार्ग आहे. पहाटे तीनला निघायचे, उन्हाच्या आत नागपूर गाठायचे, शस्त्रक्रिया आटोपली की भूल पुरती उतरलेली नसताना कुत्र्याला मागच्या आसनावर निजवून त्याच रात्री पावणेदोनशे किलोमीटर परत यायचे. आणि टाके पाहण्यासाठी डॉक्टरांनी पुन्हा बोलावले, की तोच प्रवास पुन्हा करायचा. दोन खेपांचे मोटारभाडे मिळून लॉजच्या चांगल्या खोलीच्या कितीतरी रात्रींचे पैसे होतात. ते द्यायला तो तयार आहे. घेणारा मिळत नाही.