दूरशिक्षणातील पदव्यांची मान्यता : स्वरूप व पडताळणी

प्रस्तावना :
अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात, सावेडीसारख्या उपनगरापासून तालुक्याच्या गावापर्यंत, नोकरी वा घरची जबाबदारी सांभाळून दूरशिक्षणाने पदवी घेणारा वर्ग मोठा आहे. या पदव्या पुढे प्रवेश समिती व निवड समितीसमोर येतात. त्या वेळी “विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे काय?” एवढाच प्रश्न बहुधा विचारला जातो. तो अपुरा आहे. मान्यता केवळ विद्यापीठाला नसते. ती अभ्यासक्रम, शिक्षणपद्धती, कार्यक्षेत्र आणि कालावधी यांनाही असावी लागते. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचे विवेचन केले आहे.

मान्यतेचे स्तर :
विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठास, अभिमत विद्यापीठास अथवा संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थेसच आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (१९८५) आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) ही अशा कायद्यांनीच अस्तित्वात आली. याउलट नागपूरच्या ‘राजा अरेबिक युनिव्हर्सिटी’चे नाव आयोगाच्या बनावट विद्यापीठांच्या यादीत अनेक वर्षे आढळते.

बनावट संस्था ओळखणे तुलनेने सोपे आहे. खरी अडचण वैध विद्यापीठाने अधिकाराबाहेर दिलेल्या पदवीची असते. चार अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी निर्णय दिला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना परीक्षेची संधी देण्यात आली; त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द झाल्या. विद्यापीठे खरी होती; अभ्यासक्रमास मात्र आवश्यक मान्यता नव्हती. कार्यक्षेत्राबाहेरील अभ्यासकेंद्रांबाबतही आयोगाने २७ जून २०१३ रोजी जाहीर सूचना काढली.

नॅकची श्रेणी गुणवत्तेची निदर्शक आहे. केवळ त्या श्रेणीने दूरशिक्षण अभ्यासक्रम चालविण्याची परवानगी मिळत नाही.

एम.फिल.चे उदाहरण :
अध्यापकवर्गास हा प्रश्न एम.फिल.मुळे जवळचा झाला. २००६ साली आयोगाने पदवी स्तरावरील अध्यापनासाठी एम.फिल.धारकांना नेटमधून सूट दिली. साहजिकच दूरशिक्षणाने एम.फिल. करण्याकडे ओढा वाढला आणि महाराष्ट्रातील अनेक सेवारत अध्यापकांनी परराज्यांतील विद्यापीठांत नावे नोंदविली. पुढे २००९ च्या विनियमांनी दूरशिक्षणाद्वारे एम.फिल. व पीएच.डी. देण्यास मनाई केली; एम.फिल.ची सूटही गेली. २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. हा अभ्यासक्रमच बंद केला.

यातून एक महत्त्वाचा भेद स्पष्ट होतो. पदवी वैध असणे आणि ती नियुक्तीच्या दिवशी पुरेशी अर्हता असणे, या दोन स्वतंत्र बाबी आहेत. नियुक्तीपूर्वी पात्रतेच्या अटी बदलल्यास जुन्या पदवीच्या आधारे नियुक्तीचा हक्क सांगता येत नाही, हे पी. सुशीला खटल्यात (२०१५) सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले.

पडताळणीची पद्धत :
पडताळणीत प्रवेशाचे वर्ष आधी निश्चित करावे. १९९१ ते २०१३ या काळात दूरशिक्षणाचे नियमन दूरशिक्षण परिषदेकडे होते; २०१३ पासून ते आयोगाच्या दूरशिक्षण ब्युरोकडे आहे. त्यामुळे आजची यादी पाहून पंधरा वर्षांपूर्वीच्या पदवीचा निर्णय करणे चुकीचे ठरते. त्यानंतर त्या सत्रात त्या अभ्यासक्रमास परवानगी होती काय, तो विषय दूरशिक्षणास अनुज्ञेय होता काय आणि अभ्यासकेंद्र कार्यक्षेत्रात होते काय, हे पाहावे. २०२४ पासून प्रवेशासाठी ‘डेब आयडी’ आवश्यक करण्यात आल्याने नव्या विद्यार्थ्यांना प्रवेशापूर्वीच खातरजमा करणे शक्य झाले आहे.

समारोप :
छाननीतील शैथिल्यामुळे अवैध पदवीधारक सेवेत येतो आणि वर्षांनंतर त्याच्यासह महाविद्यालयही अडचणीत येते. परंतु दूरशिक्षणाविषयीच्या सरसकट संशयामुळे वैध पदवीधारकावर होणारा अन्यायही तेवढाच गंभीर आहे. रीतसर परवानगीने दिलेली दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे २०२० च्या विनियमांत नमूद आहे. म्हणून पदवी कोणत्या पद्धतीने मिळाली यावरून मत न बनविता, ती कोणत्या वर्षी, कोणत्या परवानगीने मिळाली याची नोंद पाहून निर्णय देणे हेच छाननी समितीचे कर्तव्य होय.