भोपळा लावायचा, पण कोणता?

परसात वेल चढवणं सोपं असतं. पण घर, जागा आणि हंगाम न बघता बी टोकलं, तर सहा महिने पाणी घालून हाती भ्रमाचा भोपळा येतो. कावेरीकाठच्या स्वामीमलैच्या परसदारी हा हिशेब समजून घेता येतो.

मार्गळीचा महिना, म्हणजे साधारण मध्य डिसेंबर ते मध्य जानेवारी. तमिळनाडूत या दिवसांत उजाडायच्या आत बायका दारात सडा घालतात आणि तांदळाच्या पिठीचं कोलम काढतात. कोलम म्हणजे आपली रांगोळीच. कोलमच्या मधोमध शेणाचा छोटा गोळा ठेवायचा आणि त्यात भोपळ्याचं पिवळंजर्द फूल खोचायचं, ही तिथली जुनी रीत.

आता हे फूल वेलावरून खुडायचं, तर कुठलंही खुडून चालत नाही. ज्या फुलाच्या देठाशी गोटीएवढं हिरवं फळ दिसतं ते मादी फूल. ते तोडलं की भोपळाच तोडला! नुसत्या लांब, बारीक दांड्यावर उभं असतं ते नर फूल. कोलमसाठी नर फूल घ्यायचं, म्हणजे दारही सजतं आणि स्वयंपाकघराचंही नुकसान होत नाही. भोपळ्याच्या लागवडीचा पहिला धडा हा असा दारातच मिळतो.

कुंभकोणमच्या शेजारी

कुंभकोणमपासून काही किलोमीटरवर स्वामीमलै आहे. मुरुगन म्हणजे आपल्या कार्तिकेयाच्या सहा प्रमुख क्षेत्रांपैकी हे एक. सपाट प्रदेशात उभारलेल्या टेकडीवर देऊळ आहे आणि वर जाणाऱ्या साठ पायऱ्यांना साठ संवत्सरांची नावं आहेत. पंचधातूच्या मूर्ती घडवणारे स्थपती हे गावाचं दुसरं वैभव. मेणाच्या मूर्तीवर चढवायला त्यांना कावेरीची मऊ, गाळीव माती लागते. याच गाळाच्या जमिनीत आजूबाजूला विड्याच्या पानांचे मळे पिकतात आणि घरामागे भाजीचे वेल वाढतात.

मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं. त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण म्हणून गाजलेले सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमलाच जन्मले.

या भागातलं जुन्या वळणाचं घर अरुंद पण खूप लांब. पुढे ओटा, मध्ये चौक आणि सगळ्यात मागे विहीर असलेलं परसदार. त्याला तिथे ‘कोल्लै’ म्हणतात. केळ, शेवगा, कढीलिंब आणि एखाददुसरा वेल एवढं त्यात सहज मावतं. मात्र ही जागा अरुंद असल्यामुळे कोणता वेल लावायचा हे आधीच ठरवावं लागतं.

फिरंग्यांचा पाहुणा

इंग्रजीत या कुळातल्या भाज्यांना ‘स्क्वॉश’ म्हणतात. आपल्याला हा शब्द ऐकला की उन्हाळ्यातलं लिंबाचं सरबत आठवतं, ती गोष्ट वेगळी! लाल भोपळ्याचं मूळ अमेरिका खंडात. पोर्तुगीजांच्या काळात तो आपल्याकडे आला. कुंभकोणमकडे त्याला ‘परंगिक्काय’ म्हणतात. परंगी म्हणजे फिरंगी आणि काय म्हणजे फळभाजी. ‘पूसणिक्काय’ मागितलं तर या भागात हातात पडतो कोहळा. चेन्नईकडे मात्र लाल भोपळाही ‘पूसणी’च. तेव्हा बी मागताना नाव नीट सांगितलेलं बरं.

लाल भोपळ्यात मुख्य तीन प्रकार येतात. दमट उष्म्याला सर्वांत चांगला टिकतो तो आपला नेहमीचा, फाकांचा भोपळा. दुसरा थोडा नाजूक पण चवीला गोड. तिसऱ्या प्रकारात अलीकडे बाजारात दिसणारी झुकिनी येते. ती झुडपासारखी वाढते, कोवळी असतानाच काढतात आणि तिला सौम्य हवा मानवते. कावेरीच्या खोऱ्यातल्या उकाड्यात पहिला प्रकारच भरवशाचा.

आधी घरातली माणसं मोजा

जात निवडताना बहुतेकांची चूक होते ती इथे. पाकिटावर मोठ्ठा भोपळा दिसतो आणि मोह होतो. आपल्या गोष्टीतली म्हातारी भोपळ्यात बसून लेकीकडून घरी आली, पण रोजच्या भाजीला तेवढा भोपळा काय कामाचा? चार माणसांच्या घरात सात किलोचा भोपळा कापला, की पहिल्या दिवशी भाजी, दुसऱ्या दिवशी भरीत, तिसऱ्या दिवशी घारगे आणि चौथ्या दिवशी घरात बंड! उरलेला शेजारी वाटायचा किंवा फेकायचा.

कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या दोन जाती या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. ‘को-१’चं फळ ७ ते ८ किलोचं आणि वेलाला जागा भरपूर लागते. पीक पूर्ण व्हायला १७५ ते १८० दिवस लागतात. ‘को-२’चं फळ दीड ते दोन किलोचं आणि पीक सुमारे १३५ दिवसांत आटोपतं. पहिली जात एकत्र कुटुंबाची, लग्नकार्याची. दुसरी आजच्या छोट्या घराची.

बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची ‘अर्का चंदन’ दोन-तीन किलोची असून तिचा गर कॅरोटीनसाठी नावाजलेला आहे. शरीर या कॅरोटीनपासून ‘अ’ जीवनसत्त्व तयार करतं. याच संस्थेची ‘अर्का सूर्यमुखी’ तर जेमतेम किलोभराची, नारिंगी रंगाची आणि फळमाशीला बऱ्यापैकी दाद न देणारी. एका वेळी कापून संपणारा भोपळा हवा असेल, तर ही जात पाहावी.

जमिनीवर वेल पसरायला जागाच नसेल, तर मांडवावर चढणारे वेल घ्यावेत. दुधी, दोडका, पडवळ आणि कारलं हे सगळे याच कुळातले. महाराष्ट्रातल्या घरांसाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘सम्राट’ दुधी आणि ‘हिरकणी’ कारलं, तसंच दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘कोकण हरिता’ दोडका आणि ‘कोकण श्वेता’ पडवळ या जाती आहेत. भोपळा मात्र मांडवावर चढवायचा तर लहान फळाचाच. सात किलोचं ओझं बांबूचा मांडव पेलत नाही.

आडीचा मुहूर्त

तमिळमध्ये शेतकऱ्यांची म्हण आहे, ‘आडिप् पट्टम् तेडि विदै’. आडी महिन्याचा हंगाम साधून पेर, असा तिचा अर्थ. आडी म्हणजे मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट. त्याच्या अठराव्या दिवशी बायका नदीवर जाऊन कावेरीची पूजा करतात.

आता दिवस मोजा. आडीच्या सुरुवातीला ‘को-१’ लावला, तर १७५ दिवसांनी जानेवारी उजाडतो, म्हणजे नेमका पोंगलच्या तोंडावर मोठा भोपळा तयार. ‘को-२’ लावला तर नोव्हेंबरअखेर पीक हाती येतं आणि जागा मोकळी होते. पण या प्रदेशाचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो, आपल्यासारखा जूनमध्ये नाही. म्हणजे वेल ऐन भरात असताना पाणी साचण्याचं भय. म्हणून तिथे आळं खोल ठेवण्याऐवजी मातीचा उंचवटा करावा. दुसरा हंगाम डिसेंबर-जानेवारीचा. महाराष्ट्रात पावसाळी वेलासाठी जून-जुलै आणि उन्हाळी वेलासाठी जानेवारी-फेब्रुवारी धरावा.

पाण्याचा प्रश्न कावेरीकाठीही आहेच. १९३४ साली पुऱ्या झालेल्या मेट्टूर धरणातून भातशेतीला पाणी सोडण्याची ठरलेली तारीख १२ जून. २०२४ मध्ये धरणातच पाणी नव्हतं आणि ते जुलैअखेर सुटलं. शेतं अशी धरणाकडे डोळे लावून बसतात. परसातल्या दोन आळ्यांना मात्र तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी बऱ्यापैकी पुरतं. टंचाईच्या वर्षी घरात भाजी येत राहते ती यामुळे. साबणाचं पाणी तेवढं टाळावं.

आळं आणि वेल

फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा. त्यात आठ-दहा किलो चांगलं कुजलेलं शेणखत मातीत मिसळून भरावं. दोन आळ्यांत साडेसहा फूट तरी अंतर हवं. एका आळ्यात चार-पाच बिया टोकाव्यात आणि पंधरा दिवसांनी दोन जोमदार रोपं ठेवून बाकीची काढावीत. इथे मन घट्ट करावं लागतं. पाचही ठेवली तर पानांची गर्दी होते आणि फळं धरत नाहीत.

पहिली फुलं बहुधा नरच येतात. नुसताच फुलतो म्हणून वेल उपटू नये, मादी फुलं मागाहून येतात. नत्राचं खत जास्त झालं किंवा ऊन फार तापलं, तर नर फुलं आणखी वाढतात. फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. तेवढ्या वेळात मधमाशी आली नाही, तर कोवळं फळ पिवळं पडून गळतं. अशा वेळी सकाळी आठच्या आत एक ताजं नर फूल तोडावं, पाकळ्या काढून टाकाव्यात आणि आतला पराग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच लावावा. मुलांना हे काम फार आवडतं.

कोवळ्या रोपाचा पहिला शत्रू लाल भुंगा. सकाळच्या गारव्यात तो सुस्त असतो, तेव्हाच वेचावा. फळमाशी कोवळ्या फळात अंडी घालते. म्हणून फळ धरताच त्यावर कागदाची सैल पिशवी बांधावी आणि किडकी फळं खोल पुरावीत. पानांवर पांढरी भुरी दिसली की पुष्कळ जण गंधकाची पूड मारतात. भोपळावर्गातले वेल गंधकाने करपतात, तेव्हा ती न वापरलेलीच बरी. कुठलीही फवारणी संध्याकाळी करावी, म्हणजे मधमाश्या वाचतात.

देठ वाळला आणि सालीत नख शिरेना, की भोपळा तयार झाला. दोन-तीन बोटं देठ ठेवूनच कापावा. सावलीत, हवेशीर जागी तो काही महिने टिकतो.

घरचं बी, पण पारखून

कारल्याशेजारी लावल्याने भोपळा कडू होतो, असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही. हे दोन वेल एकाच कुळातल्या वेगवेगळ्या प्रजातींचे आहेत आणि परागाचा परिणाम यंदाच्या गरावर होतही नाही. मात्र एकाच प्रकारच्या दोन जाती शेजारी असतील, तर पुढच्या वर्षीच्या बियांत भेसळ होते. ‘को-२’ आणि ‘अर्का चंदन’ एकमेकांत मिसळतात. ‘अर्का सूर्यमुखी’ दुसऱ्या प्रकारातली असल्याने तिचं यांच्याशी सहसा जमत नाही.

शुद्ध बी हवं असेल, तर आदल्या संध्याकाळी उमलायच्या बेतात असलेली एक मादी आणि एक नर कळी दोऱ्याने बांधून ठेवावी. सकाळी सोडून हाताने पराग लावावा, मादी फूल पुन्हा बांधावं आणि देठाला रंगीत दोरा गुंडाळावा. ते फळ पूर्ण पिकू द्यावं. काढल्यावरही तीन-चार आठवडे ठेवून मग बिया धुवाव्यात आणि सावलीत वाळवाव्यात. संकरित बियाण्याच्या फळातलं बी मात्र ठेवू नये. त्याची पुढची पिढी सारखी येत नाही. हा सगळा खटाटोप केला, तर दुकानात न मिळणारी गावठी जातही घरात टिकून राहते. एक वर्ष कंटाळा केला, की ती हातची जाऊ शकते.

एक सावधगिरी जिवाची. दुधी, भोपळा किंवा झुकिनी कडू लागली, तर ती मीठ-गूळ घालून खपवू नये. तो कडवटपणा विषारी असतो आणि शिजवूनही जात नाही. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावल्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने त्याचा अभ्यास केला. आधी तुकडा चाखून पाहावा आणि कडू रस मुळीच पिऊ नये, असा तिचा सल्ला २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा वेलाचं बीही ठेवू नये. कारल्याचा नेहमीचा कडवटपणा अर्थात वेगळा.

लागवडीपूर्वी पाच प्रश्न

घरात खाणारी माणसं किती?
वेल जमिनीवर पसरणार, छपरावर जाणार की मांडवावर?
मोठा पाऊस कोणत्या महिन्यात?
फळ कोणत्या सणाला किंवा कधी हवं?
पुढच्या वर्षी बी घरचं वापरायचं आहे का?

या पाचांची उत्तरं कागदावर लिहून मगच बियाण्याच्या दुकानात जावं.

बाकी भोपळ्याचं काहीच वाया जात नाही. कुंभकोणमच्या घरात गराचं दूध घातलेलं कूटू होतं, मार्गळीतल्या तिरुवादिरैला सात भाज्यांच्या कालवणात त्याच्या फोडी पडतात. कोहळ्याचा काशी हलवा तर तिथल्या लग्नाच्या पानात ठरलेला. आपल्याकडे घारगे, भरीत, थालीपीठ आहेच. साल चटणीला आणि बिया भाजून खायला. अजूनही अनेक मराठी घरांत भोपळ्याला पहिली सुरी पुरुषाने लावायची पद्धत आहे. दीड किलोचा भोपळा असला, तर हे काम घरातल्या धाकट्या मुलाकडेही देता येईल. सकाळी पराग लावणारा तोच असेल, तर भाजी नको म्हणून तो ताटावरून उठण्याची शक्यताही कमी!