घरची शाळा : वाटाणे, काड्या आणि तीन भावंडं

मुक्त विद्यालयाच्या अर्जाचं आज लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या शनिवारी. गारखेड्यातून, सूतगिरणी चौकाजवळ राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेवणं मला जमलं नाही. घरात तीन मुलं, ६, ११ आणि १४ वर्षांची. तिघंही घरीच शिकतात. औरंगपुऱ्यातून तिघांसाठी तीन इयत्तांचे संच आणले, वर तेवढीच वर्कबुकं. कपाट भरलं. आणि आता धाकटी मोठ्याच्या भूगोलात डोकं घालून बसते, मोठा धाकटीच्या चित्रांत. ‘वयाप्रमाणे नेमकं साहित्य कुठं मिळेल?’ असं त्या विचारतात.

ताई, तुमची मुलं शहाणी आहेत. इयत्ता ही शाळेची सोय. पन्नास मुलं एका खोलीत बसवायची तर ती एका वयाची असलेली बरी, म्हणून पुस्तकावर आकडा छापतात. तुमच्या घरात ती अडचणच नाही. मग आकड्याप्रमाणे तिप्पट खरेदी कशाला? तिघांना पुरेल असं एक साहित्य शोधा. असं साहित्य असतं, आणि बहुतेक वेळा स्वस्त असतं.

माझ्या सगळ्यात आवडीचं सांगतो. अरविंद गुप्ता हे आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, टेल्कोत नोकरीला. १९७८ साली रजा काढून ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथं त्यांनी काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब एकत्र आणली. पुढे २०१८ साली पद्मश्री मिळाली, पण माझ्या लेखी त्यांचं मोठं काम ही ट्यूबच. काडीचं गूल खरवडून टाकायचं. ट्यूबचा दीडेक सेंटिमीटरचा तुकडा कापायचा आणि दोन्ही टोकांतून एकेक काडी सरकवायची, झाला सांधा. तीन काड्यांचा सांधा हवा तर तुकड्याच्या मधोमध बाभळीच्या काट्यानं आरपार भोक पाडून तिसरी काडी त्यात घालायची.

आता सहा वर्षांच्या मुलीला एक त्रिकोण आणि एक चौकोन करू द्या आणि दोन्ही दाबायला सांगा. चौकोन आडवा कलतो, त्रिकोण जागचा हलत नाही. तिला एवढं पुरे. पुढचे आठ दिवस ती मोबाइलच्या टॉवरवर त्रिकोण मोजत फिरेल.

अकरा वर्षांच्याला घन करायला लावा. बारा काड्या, आठ सांधे, आणि सगळं डुगडुगणारं. हा घन ताठ उभा राहायला आणखी किती काड्या लागतील? पटकन उत्तर देऊ नका. करून बघितल्यावर तो सहावर येतो, दर बाजूला एक तिरकी. पण ती तिरकी काडी पुरतच नाही! काडी ४ सेंटिमीटरची धरली तर कर्ण भरतो साधारण ५.७. तेव्हा खराट्याची काडी मापात कापायची, आणि माप काढायला चौदा वर्षांच्याला बोलवायचं. पायथागोरसचा सिद्धांत त्याच्या पुस्तकात आहेच. इथं तो चुकला तर धाकट्या भावाचा घन वाकडा होतो. वर त्याला हेही सांगा : कोपऱ्यांची तिप्पट करा, त्यातून ६ वजा करा, ताठ सांगाड्याला किमान तेवढ्या काड्या लागतात. आठ कोपऱ्यांच्या घनाला १८. बारा होत्या, सहा कमी पडत होत्या. हा हिशेब जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं १८६४ साली मांडला.

व्हॉल्व्ह ट्यूब मात्र आता सहज मिळत नाही. नव्या सायकलींच्या व्हॉल्व्हला ती रबरी नळी लागतच नाही. जुन्या शहरातल्या एखाद्या म्हाताऱ्या सायकलवाल्याकडे चौकशी करा. नसेलच तर रात्रभर भिजवलेले वाटाणे आणि टूथपिक घ्या. वाटाणे वाळले की सांधे घट्ट होतात. ही युक्ती जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांच्या बालवाडीतली, एकोणिसाव्या शतकातली. अमेरिकेत बकमिन्स्टर फुलर नावाच्या पोराच्या हातात बालवाडीत हेच वाटाणे आले. त्याची नजर फार अधू. बाकीची मुलं घरासारखे चौकोन करत होती. याला धड दिसतच नव्हतं, म्हणून हातानं चाचपून जे हलत नाही ते तो करत गेला, म्हणजे त्रिकोण. हे त्यानंच पुढे सांगितलं, आणि त्रिकोणांच्या घुमटाचं पेटंट १९५४ साली त्याच्या नावावर लागलं.

वाचनाचं लवकर आटपतो. माधुरी पुरंदरे यांचं ‘वाचू आनंदे’ घ्या. त्याचे बाल गट आणि कुमार गट असे भाग आहेत, पण ते सगळे एकाच फळीवर ठेवा. वेचे तर आहेतच, शिवाय भारतीय चित्रकलेचे नमुने आहेत आणि ते बघायला वय लागत नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय. जुने अंक इंटरनेटवर फुकट आहेत. मला विचाराल तर नव्याआधी जुने वाचा. ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या मिळतात, त्याही फुकट. फक्त मुलीला देण्याआधी एक पान स्वतः मोठ्यानं वाचून बघा. काही भाषांतरं इतकी अवघडलेली आहेत की जीभ अडखळते; ती सरळ सोडून द्या.

एक गंमत आवर्जून शोधा. बालभारतीचं तिसरीचं परिसर अभ्यासाचं जुनं पुस्तक जिल्ह्यागणिक वेगळं निघायचं. आपल्या जिल्ह्याचं रद्दीत हाती लागलं तर सोडू नका. सहा वर्षांची त्यातली चित्रं बघेल, मोठे दोघं नकाशा घेऊन तालुके, नद्या, धरणं ताडून बघतील.

या सगळ्याला एक अपवाद, गणिताचा. अपूर्णांक कच्चे असताना बीजगणित पुढे सरकत नाही. तिथं पायऱ्या गाळू नका. मोठ्याला ज्या इयत्तेचं जमतं त्या इयत्तेचं पुस्तक द्या, मग ते सहावीचं का असेना. बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट आहेत, संच विकत घ्यायची गरज नाही.

अर्जाचं पुढच्या शनिवारी नक्की. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या दहावीला किमान वय १४ लागतं, तेव्हा तुमचा मोठा बसू शकेल. तोवर त्याचा जन्मदाखला शोधून ठेवा, आणि त्यावरचं नाव आधार कार्डावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय ना, तेही बघून घ्या.