नानीच्या शालीची किनार, नातीच्या कार्डाला

गेल्या सुट्टीत आमच्या तारोडीच्या घरी भाचीच्या निकाहचं कार्ड ठरत होतं. आलेल्या नमुन्यांच्या सोनेरी किनारी सगळ्या सारख्याच, गुळगुळीत. भाची म्हणाली, "खाला, नानीच्या शालीची किनार करता येईल का?"

अम्मीची ती हिमरूची शाल औरंगाबादची, तिच्या जहेजमधली. आता घडीघडीवर विरली आहे, अंगावर घेता येत नाही. मनात आलं, निदान तिची नक्षी तरी राहील. 'गिंप' हे फोटोवर काम करण्याचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. ते उघडलं आणि बसले.

आधी कापड समजून घ्यावं. हिमरूत उभे धागे सुताचे आणि नक्षीचे आडवे धागे रेशमाचे. नक्षी किंचित वर उठलेली असते आणि तिच्या कडेला बारीक सावली पडते. कापडाचा पोत डोळ्यांना दिसतो तो या सावलीमुळे. म्हणून फ्लॅश बंद ठेवा. सकाळी खिडकीजवळ कापड सपाट पसरा, उजेड एका बाजूनं येऊ द्या आणि मोबाईल कापडाला समांतर धरून फोटो काढा.

फोटोतून एक बुट्टी मधोमध येईल असा चौरस कापा. इथं माझी चूक झाली. जोड दिसू नये म्हणून मी 'टाईल सीमलेस' फिल्टर लावला. तो चित्र सरकवून त्याच चित्रात मिसळतो, त्यामुळे बुट्टीवर दुसऱ्या बुट्टीची छाया आली. साध्या विणीला तो चालतो, बुट्टीला नाही. बुट्टीभोवती सगळीकडे सारखी मोकळी जागा ठेवून कापलं की जोड आपोआप जुळतो.

आता थोडं गणित. 5 बाय 7 इंचाचं कार्ड 300 डीपीआयला 1500 बाय 2100 पिक्सेल होतं. चौरस 150 पिक्सेलचा केला की रुंदीत 10 आणि उंचीत 14 बुट्ट्या बसतात. कोपऱ्यात एकही अर्धी तुटत नाही.

चौरस कॉपी करा. तो पॅटर्नच्या यादीत पहिलाच दिसतो. नव्या कार्डावर 'सिलेक्ट ऑल', मग 'श्रिंक' 150. निवड चित्राबाहेरही चालू राहते, अशी खूण तिथं असेल तर ती काढा, नाहीतर निवड आक्रसतच नाही. मग 'इन्व्हर्ट' करा आणि 'बकेट फिल'मध्ये पॅटर्न व पूर्ण निवड भरण्याचा पर्याय घेऊन क्लिक करा. कडेनं 44 बुट्ट्या उमटतात. मूळ फाईल एक्ससीएफमध्ये ठेवा. छपाईसाठी पीएनजी पाठवा, पण व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून. फोटो म्हणून पाठवली तर बारीक सावल्या पुसट होतात.

कार्ड छापून आलं. अम्मीनं किनारीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "दिसतं हुबेहूब, पण हाताला लागत नाही."

खरंच आहे. हाताला लागतं ते विणकराचं काम. भाचीच्या रुखसतीला अंगावर घ्यायची शाल आम्ही औरंगाबादहून, हातमागावर विणलेलीच आणणार आहोत.