गोड पाण्याचा भरवसा

अकोल्याहून पूर्णेकडे निघालं की खारपाणपट्टा लागतो. तिथल्या पाण्याचा दोष पहिल्या घोटातच कळतो. वणीला दिलेली माझ्या खालाची लेक मात्र म्हणते, “बाजी, आमच्या विहिरीचं पाणी गोड आहे, शिवाय आम्ही उकळूनच पितो.” तिचं घर बंद कोळसा खाणीजवळ आहे, म्हणून माझा जीव खालीवर होतो.

कोळशाच्या थरात पायराइट असलं की हवा-पाण्याच्या संगतीनं त्यापासून आम्ल बनतं. खाण बंद पडून उपसा थांबला की खड्डा भरतो आणि हे पाणी लोह, सल्फेट घेऊन भूजलात झिरपू शकतं. उकळल्यानं जंतू मरतात. क्षार जात नाहीत.

कृत्रिम बुद्धिमत्ता तपासलेल्या विहिरींचे आकडे, जमिनीचा उतार आणि पाऊस यांचा मेळ घालून पुढे कोणती विहीर आधी तपासावी, हे सुचवू शकते. पण ते पहिले आकडे बाटलीतल्या पाण्यातूनच यायचे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ आणि सल्फेट लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावं.

बहिणीला सांगितलं, स्वच्छ बाटली भर, विहिरीचं ठिकाण नि तारीख लिही, प्रयोगशाळेत दे. नुसत्या जिभेवर विसंबू नकोस.